दंवातली गोष्ट, उन्हातला बोलपट

तमाम वाचकांस, त्यांच्या आप्तस्वकीयांस आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवणाऱ्या सज्जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की आज सकाळी बेळगावच्या मोटारीत निपाणीचा नाका येताक्षणी प्रस्तुत लेखकास शिंक आली. एक आली आणि थांबली असती तर हा लेख लिहिला गेला नसता. दुसरीला माझी टोपी उडाली. तिसरीच्या वेळी शेजारच्या गृहस्थांनी स्वतःची टोपी धरली. इतिहासात या घटनेची नोंद कोणी घेणार नाही, कारण इतिहास सध्या दुसऱ्याच गडबडीत आहे. इंग्रज साहेब जाणार कधी आणि जाताना आमचा हा मुलूख कोणाच्या ओटीत टाकणार, यावर मोटारीत दोन भाषांत भांडण चाललं होतं. माझी शिंक ऐकून मात्र दोन्ही बाजू एकदम म्हणाल्या, तंबाखू आला वाटतं.

आला होता. रानातून बैलगाड्या निघाल्या होत्या, वखारींची दारं सताड उघडी होती, आणि गावावर तो वास पसरला होता जो मला कोणत्याही पुस्तकात नीट सांगता आला नाही. गुळाला राग आला तर जसा वास येईल, तसा तो असतो. इथल्या माणसाच्या नाकाला तो कळतसुद्धा नाही. शिंकतो तो परका. माझं निम्मं बालपण या वासात गेलं, तरी दर वर्षी पहिल्या दिवशी मी शिंकतो. म्हणजे दर वर्षी एक दिवस मी परका होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घरचा. हा एक दिवस फार वाईट जातो. त्या दिवशी मला माझी कारकीर्द आठवते.

कारकीर्द म्हणजे काय, ते सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी कादंबऱ्या लिहितो. त्याही ज्यांना नुकतंच मिसरूड फुटतंय अशा मुलांसाठी आणि ज्यांच्या हातातला सागरगोटा नुकताच काढून घेतलाय अशा मुलींसाठी. हे वय फार अवघड असतं. राक्षस आणि राजपुत्र ऐकायची त्यांना लाज वाटते, आणि मोठ्यांची कादंबरी हातात दिसली तर घरात पाठ शेकून निघते. मधल्या मध्ये ही पोरं काय वाचतात? जाहिराती वाचतात. मला वाटलं, यांच्यासाठी कोणीतरी लिहायला हवं. ते कोणीतरी मीच निघालो, हा माझा दोष नाही, नशीब आहे.

पुण्याचे माझे प्रकाशक सोन्यासारखे गृहस्थ. माझं हस्तलिखित ते दोन्ही हातांनी घेत आणि दोन्ही हातांनी परत देत. एकदा म्हणाले, "अहो, हे मुलांच्या खणात ठेवावं तर तुमच्या गोष्टीतली मुलगी विचार फार करते. मोठ्यांच्या खणात ठेवावं तर ती प्रेमच करत नाही. दुकानाला तिसरा खण नाही हो."

मी म्हटलं, करून घ्या, सुतार मी पाठवतो. ते हसले, मीही हसलो. पुस्तक निघालं आणि पंचांगांच्या खाली ठेवलं गेलं. पंचांग दर वर्षी बदलायचं, खालचं पुस्तक तेच राहायचं. पुढे लढाई आली आणि कागद गेला. जो थोडा उरला त्यावर परीक्षेत हमखास पास करणारी पुस्तकं निघाली. माझ्या वाचकांनी तीच वाचली, पास झाले आणि मोठे झाले. बेळगावात रस्त्यावर भेटतात, पोट सुटलेले, आणि म्हणतात, आमच्या वेळी वाचायला काही नव्हतं हो.

पण मी सांगत होतो तंबाखूचं.

तंबाखूच्या पानाचा स्वभाव मानी. झाड कापून रानात आडवं टाकलं की पान उन्हात वाळायला लागतं. वाळतं तेही कसं, हात लावाल तर चुरा. मग ते पालटायचं कधी आणि गोळा करायचं कधी? तर पहाटे. रात्रभर दंव पडतं, पान मऊ होतं, ओल्या चामड्यासारखं हातात वळतं. तेवढ्या वेळात घरातली सगळी माणसं, लहान पोरंसुद्धा, रानात उतरतात. तांबडं फुटतं, उजेड होतो, ऊन येतं, दंव उडतं. घरातलं जाणतं माणूस एक पान कानाशी धरून हलकेच दुमडतं. पान 'क्र' म्हणालं की काम बंद. हातातलं पान हातात, अर्धवट ओळ अर्धवट. पुढे कोणी एका पानाला बोट लावायचं नाही. निपाणीच्या आसपास तुम्ही देवळात चप्पल घालून गेलात तर एखादे वेळी सुटाल. उन्हात पानाला हात लावून सुटणार नाही.

माझी आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की गेली म्हणजे कुठे, हे मी लोकांना विचारत होतो. बेळगावजवळ बेळगुंदीत आमच्या घरी मला सांभाळणारं कोणी उरलं नाही. तेव्हा हंगाम आला की वडील मला आक्काकडे पोचवायचे. आक्का माझी थोरली बहीण. निपाणीजवळच्या एका गावात, तंबाखूच्या घरात दिलेली. दिलेली म्हणजे तेरा-चौदा वर्षांची पोर, डोक्यावर पदर, पायात जोडवी, आणि पहाटेच्या काळोखात सासरच्या रानात पालथी वाकलेली. तिच्यामागे मी, माझ्यामागे तिचे चुलतदीर, माझ्याच वयाचे. थंडी अशी की दात एकमेकांशी भांडत. पानांचा चीक बोटांना लागायचा, बोटं काळी व्हायची, आणि त्या बोटांनी डोळे चोळले की जी आग व्हायची तिला तोड नव्हती. आम्ही झोपेनं पेंगायचो, पानांवर पडायचो. मग आक्का गोष्ट सांगायला लागायची.

कुठून आणायची देव जाणे. तिला कोणी सांगितलेली नसायची, हे नक्की. तिच्या गोष्टीत राजे नव्हते. सासरी निघालेली एक मुलगी होती, जी वाटेत गाडीतून उतरून भलतीकडेच चालायला लागली. ती कुठे गेली, कोणाला भेटली, नदी कशी ओलांडली, हे ऐकता ऐकता आमची झोप उडायची आणि हात चालायचे. आता नदीला पूर यायचा, मुलगी मधोमध पोचायची, पाय सुटायचा, आणि नेमकं तेव्हाच आक्का पान कानाशी न्यायची.

"ऊन आलं. हात काढा."

गोष्टही तिथेच बंद. दिवसभर मी तिच्या पदराला धरून फिरायचो, की पाय सुटला, पुढे काय? भाकरी थापताना सांग, पाणी ओढताना सांग. ती ऐकायची नाही. म्हणायची, "उन्हात सांगितली की तिची भुकटी हुत्या रं." त्या मुलीला मी रोज दिवसभर नदीच्या मध्यावर ठेवून जेवलोय. लोक विचारतात, प्रकरण कुठे तोडावं हे तुम्हाला कसं कळतं. मी गंभीर चेहरा करून परदेशी लेखकांकडे बोट दाखवतो. खरं म्हणजे ते मला तंबाखूच्या पानानं शिकवलं. प्रकरण संपत आलं की अजून माझा हात आपोआप कानाशी जातो. बायको म्हणते, कान दुखतोय का?

तर माझी जी कादंबरी पंचांगांखाली दहा वर्षं शांत झोपली, तिच्यात हेच होतं. एक लहान वयात लग्न झालेली मुलगी, तिचा धाकटा भाऊ, पहाटेचं रान, आणि त्या मुलीनं स्वतःला न मिळालेली वाट गोष्टीतल्या मुलीला दिलेली. शेवटी भाऊ गावाला परत जातो आणि दंवात ती एकटीच पानं पालटते. गोष्ट चालूच असते, ऐकायला कोणी नसतं. बस्स. प्रेम नाही, खून नाही, खलनायक नाही. ऊन हाच काय तो खलनायक.

आणि हे पुस्तक कोल्हापूरच्या एका बोलपट कंपनीच्या दिग्दर्शकाच्या हाती पडलं. ते निपाणीत कोणाच्या लग्नाला आले होते. लग्न लांबलं, हाताशी दुसरं काही नव्हतं. मला बोलावून घेतलं, हात हातात घेतला आणि म्हणाले की मी रडलो. वाचकहो, तुमचं पुस्तक वाचून जो माणूस रडला म्हणतो त्याच्यापासून जपून राहा. रडून झाल्यावर तो बदल सुचवतो.

पण त्या वेळी मी आनंदानं अर्धा वेडा झालो होतो. कादंबरी काय, दोनशे माणसं वाचतात. बोलपट लाखो बघतात, वाचता न येणारे बघतात. मी मोटारीनं नाही, चालत आक्काच्या गावी गेलो आणि तिला सांगितलं. आक्का शेणी थापत होती. तिची मुलं मोठी झाली होती, केस कानांपाशी पांढरे झाले होते. पुस्तक मी तिला पूर्वीच वाचून दाखवलं होतं आणि ती शेवटपर्यंत ऐकून कामाला उठून गेली होती. आता तिनं हात धुतले आणि माझ्यासमोर बसली.

मग म्हणाली, "दत्तू, मी ती पहाट कवाच बघितली न्हाय रं. मान खालीच हुती. तांबडं फुटतंय म्हंजी काय, आबाळ कसं दिसतंय, वर बघायला सवड कुठली? पडद्यावर दिसंल न्हवं?"

मी म्हटलं, दिसंल आक्का. का नाही दिसणार?

माझे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, कोपऱ्यात विड्याचं पान लावत बसले होते. ते म्हणाले, "आमीबी दिसणार काय त्यात?" मी म्हटलं, तुम्ही सासरच्या माणसांत येता. ते म्हणाले, मग ऱ्हाऊ दे.

कोल्हापुरात कंपनीच्या एका खोलीत बसून मी पटकथा लिहिली. पटकथा लिहिणं म्हणजे काय, तर तुमच्या घरात पाहुणे येतात आणि एकेक भांडं उचलून विचारतात, हे कशाला? पहिल्या आठवड्यात दिग्दर्शकसाहेब म्हणाले, नायिका चौदाची कशी चालेल, अठराची करा. केली. मग म्हणाले, लग्न झालेली नको, लोकांचा विरस होतो. लग्न काढलं. लग्न नाही तर सासर नाही, मग ती दुसऱ्याच्या रानात पहाटे काय करते? म्हणून रान तिच्या वडिलांचं झालं. मग एके दिवशी सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "हा धाकटा भाऊ सारखा मध्ये मध्ये येतो हो. त्याला काढा. त्याच्या जागी शहरातून आलेला एक तरुण घाला."

मी म्हटलं, साहेब, तो भाऊ म्हणजे मी आहे.

ते म्हणाले, वैयक्तिक घेऊ नका.

माझ्याच गोष्टीतून मला काढून टाकलं, आणि माझ्या जागी आलेला इसम आक्काशी प्रेमाचं गाणं म्हणायला लागला. ही परिस्थिती जगात किती लेखकांवर आली असेल मला ठाऊक नाही. मी भांडलो, रुसलो, दोनदा पिशवी भरली. दोन्ही वेळा दारापर्यंत गेलो आणि आक्काचा चेहरा आठवून परत फिरलो. शेवटी मी एकच गोष्ट धरून बसलो. म्हटलं, सगळं घ्या, मला तेवढी पहाट द्या. काळोख, दंव, वाकलेली मुलगी, तिच्या तोंडची गोष्ट आणि फुटणारं तांबडं. ते म्हणाले, दिली. पुस्तकाचं नावही बदललं. त्यांनी ठेवलेलं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यात प्रेम होतं आणि पुढे उद्गारचिन्ह होतं.

चित्रीकरणासाठी दाजींचं रान ठरलं. आक्कानं आदल्या रात्रीच अंगण सारवलं, ठेवणीतलं इरकल लुगडं काढलं, आणि पहाटे घरची सगळी माणसं रानात उभी राहिली, पानं मऊ, दंव टपटपतंय, काळोखात कोणी जोरात श्वाससुद्धा घेईना. तांबडं फुटलं. कंपनी आली नाही. उजेड झाला. कंपनी आली नाही. आक्कानं पान कानाशी नेलं, आणि खाली ठेवलं. चांगलं कडक ऊन पडल्यावर दोन लॉऱ्या आल्या. त्यातून चांदीचा कागद चिकटवलेल्या फळ्या उतरल्या, यंत्रं उतरली, छत्री धरलेली नायिका उतरली. सर्वांचा नाश्ता झालेला होता.

मी धावत गेलो. साहेब म्हणाले, "अहो, पहाट पडद्यावर येत नाही. यंत्राला ऊन लागतं. लोकांनी काय काळोख बघायला तिकीट काढायचं?" मी म्हटलं, तुम्ही कबूल केलं होतं. ते म्हणाले, पहाटच आहे की, नायिका गाण्यात तसं म्हणते.

इतक्यात नायिकेला शिंक आली. मग नायकाला आली. मग कानाला यंत्र लावून बसलेला आवाजाचा माणूस ओरडत उठला, कारण ज्याच्या कानात नायिकेची शिंक दसपट होऊन शिरते त्याला बसवत नाही. सगळी कंपनी नाकाला रुमाल लावून शिंकू लागली आणि बांधावर बसलेली आमची माणसं, ज्यांना कित्येक वर्षांत शिंक आली नव्हती, ती पदरात तोंड खुपसून हसू लागली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत वाईट दिवस होता आणि मला सांगायला लाज वाटते, मीही हसत होतो.

नायिका पानांकडे वाकली तसे दाजी पुढे झाले. हात लावायचा नाही, म्हणाले. साहेबांनी विचारलं, मग पाणी शिंपडून मऊ करू का? दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं घरातल्या पोराला कोणी विष घालू का म्हणून विचारल्यावर बघावं. पाणी मारलेल्या तंबाखूला बुरशी धरते. वर्षाचं पीक जातं. दाजी मोठ्यानं बोलत नाहीत. त्यांनी फक्त नायिकेच्या आणि पानांच्या मधे जाऊन बसकण मारली आणि चंची उघडली. लॉऱ्या परत गेल्या. पुढे कोल्हापूरच्या बाजूला कुठेतरी, नदीकाठी, विकत घेतलेला तंबाखू पसरून ते काम उरकलं असं कानावर आलं. मला बोलावलं नव्हतं.

आक्का इरकल बदलून आली आणि म्हणाली, "तिकडं तरी पहाटेचं उठली असतील, न्हवं?" मी टोपी झटकत राहिलो. ती म्हणाली, बघू की.

बोलपट चालला. हे सांगायला मला फार त्रास होतो. चांगला चालला. उन्हातलं ते गाणं गावोगाव झालं. अजून बेळगावात कोणी मला ओळखलं तर त्याच्यावरूनच ओळखतं. आज मोटारीतही ओळखलं, शिंका थांबल्यावर. टोपी धरलेले ते गृहस्थ म्हणाले, तुम्हीच ना ते? काय गाणं लिहिलंत हो, आमची मंडळी अजून म्हणते. गाणं मी लिहिलेलं नाही. मी लिहिलेली पहाट त्यात नाही. मी त्यात नाही. पण मी नमस्कार केला आणि म्हटलं, आभारी आहे. मोटारीत माणूस दुसरं काय करणार?

आक्का आता थकली आहे. रानात जात नाही, बांधावर बसून कोण पान कसं धरतं यावर बारीक नजर ठेवते. आज गेलो तर विचारणारच, नवीन काय लिवलंस? लिहिलंय. पुन्हा तीच पहाट लिहिलीय, या खेपेला नायिका पन्नाशीची करून. प्रकाशक म्हणतात, ही कोणत्या खणात ठेवायची?

पण ती तंबूतली रात्र सांगितल्याशिवाय मला शिंकेतून सुटका नाही. हंगाम संपत आला, लोकांच्या हाती विक्रीचे पैसे आले, की निपाणीच्या माळावर सिनेमाचा तंबू पडायचा. बोलपट तिथे लागला त्या पहिल्याच खेळाला अख्खं आक्काचं गाव गाड्या जुंपून आलं. मध्ये दोर, एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये. आक्का सगळ्यांत पुढे, मातीवर, पदर नीट घेऊन, मान वर करून बसलेली. मी दाजींजवळ. माझं नाव आलं आणि गेलं. दाजी म्हणाले, "तुजं नाव येणार म्हणालतास, कवा येतंय?"

गोष्ट सुरू झाली. शहरातला तरुण आला. लोकांना आवडला. मग पडदा पांढराफटक झाला, डोळे दिपले: भर दुपार, सावली पायाखाली, आणि झुळझुळीत रेशीम नेसलेली नायिका ताठ उभी, दोन्ही हातांनी तंबाखूची पानं उचलून वाऱ्यावर हलवत गातेय की पहाट झाली. पानांचा चुरा होऊन खाली पडताना स्पष्ट दिसत होता. तंबूत जे शेकडो लोक होते त्यांतला एकही असा नव्हता, ज्याच्या बोटांना ते पान ठाऊक नव्हतं. बिड्या तोंडातच राहिल्या. सगळा तंबू असा गप्प झाला, जसं कोणी दुधाचं भांडं पाडल्यावर घर होतं. मी आक्काकडे बघितलं. ती पडद्यावरच्या त्या मुलीकडे, म्हणजे स्वतःकडेच, डोळे फाडून बघत होती. तिचा काळ्या बोटांचा हात आपसूक कानाशी गेला. आणि मग उभ्या जन्मात चारचौघांत मोठ्यानं न बोललेली माझी आक्का गुडघ्यांवर उठून पडद्याकडे हात करून ओरडली,

"अगं ए पोरी, ऊन आलं की! हात काढ!"